कॅमेऱ्याकडे बघणारी

सिनेमातल्या त्या भरल्या बाजारात एकच बाई कॅमेऱ्याकडे बघते. ती माझी बायको, सुमन.

शूटिंग आमच्याच गावात झालं. गर्दीला उभं राहायला गावचीच माणसं घेतली होती. "कुणीही कॅमेऱ्याकडे बघायचं नाही," असं दहादा बजावलं होतं. तरी सुमननं बघितलं, कारण कॅमेऱ्याशेजारी मी उभा होतो. दिग्दर्शक साहेब चिडले, पण ऊन उतरत होतं म्हणून तसंच ठेवलं.

सुमन जाऊन चार वर्षं झाली. काल नातीला तो सिनेमा दाखवला. ती म्हणाली, "आजोबा, आजी चुकली! कार्टूनमध्ये असं कुणी चुकत नाही."

कसं चुकेल? चितारलेल्या माणसाचं कॅमेऱ्यामागे कोण असतं?

मी सिनेमा पुन्हा मागे नेला. तेवढ्या चुकीपुरतीच ती अजून माझ्याकडे बघते.