‘अजून’मधला अ

उमाकांत सबनिसांच्या घरचा कीबोर्ड बंद पडला तो मंगळवारी, आणि मुहूर्त तरी काय काढला मेल्याने! शनिवारी डॉक्टर घरी यायचे होते आणि त्याआधी सबनिसांना एक वाक्य लिहायचं होतं. कारखान्यात असताना गठ्ठेच्या गठ्ठे रिपोर्ट लिहिलेला हा माणूस. पण आता एक वाक्य म्हणजे सकाळी सुरू करून जेवणापर्यंत पुरणारं काम झालं होतं, कारण वाचा गेली होती आणि हात जायच्या वाटेवर होते.

सबनीस मूळचे मिरजेचे. इंजिनिअर होऊन बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात चिकटले ते तिथूनच रिटायर झाले. मोजमापाची यंत्रं बिघडली की सबनिसांना बोलवायचं, असा तिथला रिवाज. यंत्राला हात लावण्याआधी ते नुसते बघत बसायचे. दिवा लागतो का, कुठवर चालतं, नेमकं कुठे अडतं. बायको मथुराबाई म्हणायच्या, “माझ्याकडे असं एकदा तरी बघितलं असतंत तर कल्याण झालं असतं माझं.” मुलगी अश्लेषा नोकरीला लागली तेव्हा तिच्या ऑफिसजवळ म्हणून तिघं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटवर राहायला आली. म्हातारपण सुखात जायचं असं ठरलेलं होतं.

आणि मग जीभ जड झाली. आधी सगळे हसले, दात नवीन बसवलेत म्हणून असेल. दातांचं नव्हतं. मोटर न्यूरॉन नावाचं दुखणं होतं. ते शरीरातला एकेक स्नायू विझवत जातं आणि डोकं मात्र ठणठणीत ठेवतं. असला दुष्टपणा! गेल्या जूनमध्ये, बोबडं का होईना बोलता येत होतं तेव्हा, डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, की पुढे श्वास कमी पडेल, तेव्हा गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं का? सबनिसांनी मान ताठ करून सांगितलं, “नाही. मला नळ्या लावून ठेवायचं नाही.” डॉक्टर भारावले. मिरजेहून मेव्हण्यांचा फोन आला, “काय धीराचा माणूस!” कॉलनीतल्या मंडळींनी सत्संगात म्हणे त्यांचं उदाहरण दिलं. खोटं कशाला बोला, सबनिसांना ते आवडलं होतं.

पण जून वेगळा आणि आता वेगळं. तेव्हा मरण लांब होतं, तेव्हा ऐट परवडत होती. आता ते दाराशी येऊन चप्पल काढत होतं आणि सबनिसांना जगायचं होतं. कारण विचाराल तर हसाल. सकाळी बाल्कनीत ऊन यायचं ते पायांवर घ्यायचं होतं. खाली भाजीवाल्याशी मथुराबाई “स्वल्प कम्मी माडी की हो, अण्णा, लुटताय काय!” म्हणून भांडायच्या ते ऐकायचं होतं. अश्लेषा घरी येऊन बॅग फेकून त्यांच्यासमोर बसायची आणि मॅनेजरच्या नावाने तासभर बोटं मोडायची. पूर्वी ते तिला मध्येच तोडायचे, “चूक तुझीच असणार.” आता तोडता येत नव्हतं, म्हणून पोरगी बापाशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलत होती. मशीनवर राहून हे मिळणार असेल तर मशीन हवं होतं. भोक पाडा, नळी घाला, काय हवं ते करा.

मग इतके महिने लिहिलं का नाही? लाज वाटली, दुसरं काय! एवढा गाजावाजा करून नाही म्हटलेलं, आता कोणत्या तोंडाने हो म्हणायचं? रोज कॉम्प्युटरवर लिहायचे ते ‘पंखा’ आणि ‘चहा कोमट’. मग सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. स्पीकरवर होता. “श्वास फार उतरलाय. शनिवारी मी येतो, पक्कं करून टाकू. त्यांचं जूनमधलंच मत कायम ना?” मथुराबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “हो, तेच.” हे ऐकलं आणि सबनिसांची लाज एका क्षणात पळाली.

मंगळवारी ते लिहायला बसले. वाक्य ठरलं होतं, ‘अजून जगायचंय’. मराठी टायपिंग ते कारखान्यातल्या हिंदी विभागात शिकले होते, हिंदी पखवाड्याच्या स्पर्धेत स्टीलचा डबाही पटकावला होता. त्या पद्धतीत क, ज, न अशी अक्षरं एका बटणात येतात, पण अ काढायचा तर एका हाताने शिफ्ट दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने दुसरं बटण मारायचं. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. सबनिसांनी उजव्या हाताचा तळवा शिफ्टवर टेकवला आणि डावा हात ओढत ओढत बटणापर्यंत न्यायला लागले. हात काही पोचेना. इतक्यात कॉम्प्युटर किंचाळला आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. त्यात काहीतरी सुरू करू का असं विचारलेलं होतं. ते वाचेपर्यंत मथुराबाई ओल्या हाताने धावत आल्या. “अगं बाई, काय ओरडतंय हे!” म्हणत त्यांनी एंटर हाणला. चौकट गेली. आणि कीबोर्डही गेला.

पुढे जे झालं ते घरोघरी होतं तसंच. मथुराबाईंनी कीबोर्ड उलटा करून बदडला, त्यातून शेवेचे तुकडे आणि केस पडले, कापडाने पुसला. काही नाही. अश्लेषाने ऑफिसातून फोनवर सांगितलं, “आई, वायर काढून दुसऱ्या भोकात घाल. बंद करून चालू कर.” तेही झालं. पासवर्ड छान टाइप झाला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आत गेल्यावर पुन्हा मढं.

तिथेच सबनिसांच्या डोक्यात दिवा लागला. पासवर्डला चालतो, आत गेल्यावर अडतो. वरचे बारके दिवे लागतात. म्हणजे वायर ठीक, बटणं ठीक. आतलं काहीतरी सेटिंग त्या चौकटीने बदललंय! हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळलं होतं आणि सांगायला घशातून निघाला तो ‘अंऽऽ’. मथुराबाई म्हणाल्या, “हो हो, बघतोय ना आम्ही, चिडू नका.” अहो, चिडतंय कोण! त्यांना हंबरडा फोडायचा होता.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा प्रणीत आला. नागपूरचा, इथे कंपनीत, मुलगा गुणी. “काका, डोन्ट वरी, आपण सॉर्ट करू.” त्याने स्वतःचा कीबोर्ड आणून लावला, टपाटप बटणं मारली, शून्य. ड्रायव्हर की काय ते काढून पुन्हा घातलं, तरी शून्य. “काकू, मदरबोर्ड गेला असेल. जुना पीसी आहे. मी वीकेंडला नीट बघतो.” मथुराबाईंनी कॉम्प्युटरवर जुन्या साडीचा तुकडा घातला. बुधवार गेला, गुरुवार गेला. सबनीस त्या साडीकडे बघत बसले.

शुक्रवारी त्यांनी इतका आवाज केला की मथुराबाईंनी कंटाळून साडी काढली, मशीन चालू केलं आणि त्यांची खुर्ची पुढे ढकलली. “घ्या, बघत बसा.” त्या आत गेल्या. डावा हात गुरुवारपासून मांडीवर मेल्यासारखा पडला होता. सबनिसांनी उजव्या हाताचं एक बोट बटणावर ठेवलं. उचलायची ताकद नव्हती म्हणून ते तिथेच राहिलं. आणि पडद्यावर ज उमटला. एकच, सुबक.

देवा! कीबोर्ड मेला नव्हता. तो फक्त हळू झाला होता. झटपट मारलेलं बटण तो मोजत नव्हता, दाबून धरलं तरच ऐकत होता. टपाटप मारणाऱ्या सगळ्यांना तो बंद दिसला आणि ज्याला बोट उचलता येत नाही त्याच्यासाठी तो मुद्दाम बनवल्यासारखा चालत होता. सबनिसांना आनंद झाला, आणि या दुखण्यात आनंद झाला की रडू फुटतं. मथुराबाई बाहेर आल्या तर नवरा बंद पडलेल्या कीबोर्डवर बोट टेकून रडतोय. चष्मा आत राहिला होता, पडद्यावरचा ज त्यांना दिसला नाही. त्यांना ते बघवेना. त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि स्वतःही रडत त्यांचे डोळे पुसले. “नका हो असं करू. नाही चालत ते.”

शनिवारी डॉक्टर आले. अश्लेषा सुट्टी घेऊन घरी होती. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि चेहरा गंभीर केला. सबनीस कॉम्प्युटरकडे बघून घशातून ओरडायला लागले. अश्लेषा म्हणाली, “आई, बसू दे ना त्यांना. काय बिघडतंय?” चांगली पोर. तिनेच खुर्ची नेली, हात उचलून कीबोर्डवर ठेवला.

अ काढायला दुसरा हात नव्हता. सबनिसांनी शिफ्टकडे एकदा बघितलं आणि नाद सोडला. राहू दे अ, पुढचं वाचून कळेल यांना. ‘जून जगायचंय’ वाचलं तर शाळेतलं पोरही समजेल. बोट ज वर ठेवलं. ज आला. अश्लेषा ओरडली, “आई, चालतोय! बाबांचा चालतोय!” मनगट घासत नेलं, जू झाला. मग न. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता. एक मोकळी जागा सोडली आणि बोट पुन्हा ज कडे निघालं.

“जून,” अश्लेषाने वाचलं. तिचा आवाज फाटला. “आई, जून लिहिलंय बाबांनी.”

मथुराबाई पुढे आल्या, चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि नवऱ्याच्या पायाशीच बसल्या. “जूनमध्ये सांगितलंत तेच ना? मशीन नको, तेच ना हो?”

सबनिसांनी नाही म्हणायला मान हलवली. म्हणजे हलवू गेले. मानेत जोर होताच कुठे? डोकं एका अंगाला कलंडलं आणि हनुवटी छातीवर आपटली. ती मान सगळ्यांनी होकाराची धरली. डोळे एकदा मिटले तर हो आणि दोनदा मिटले तर नाही, असंही घरात ठरलेलं होतं, पण डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ते नुसते मिटत होते. डॉक्टर हळू आवाजात मथुराबाईंना म्हणाले, “ह्या रडण्याकडे लक्ष देऊ नका. आजाराचंच आहे ते. मन त्यांचं खंबीर आहे.” मग त्यांनी सबनिसांच्या खांद्यावर हात ठेवला. “सर, तुम्ही म्हणाल तसंच होईल. मशीन लावणार नाही. त्रास होणार नाही एवढं मी बघतो.”

बोट अजून ज पर्यंत पोचलं नव्हतं. अश्लेषाने तो हात उचलून आपल्या गालाला लावला. “बास बाबा, दमलात. कळलं आम्हाला सगळं.” काय कळलं होतं? काडीचंही कळलं नव्हतं! आणि तिघंही इतकी प्रेमाने वागत होती की रागवावं तरी कोणावर?

डॉक्टर गेल्यावर प्रणीत आला. कीबोर्ड चालला म्हटल्यावर त्याला राहवेना. त्याने इकडेतिकडे बघितलं, एक बटण दाबून धरलं आणि टाळी वाजवली. “अरे यार, फिल्टर कीज ऑन होतं! शिफ्ट जास्त वेळ दाबलं की लागतं हे. सिम्पल होतं.” त्याने सेटिंग काढून टाकलं आणि टपाटप टाइप करून दाखवलं. नव्यासारखा चालला. मथुराबाईंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला, कॉफी केली. प्रणीत लाडू संपवून गेला.

अश्लेषाने खुर्ची परत पुढे नेली. “बघा बाबा, झाला दुरुस्त. लिहा काय हवं ते.”

सबनिसांच्या छातीत हवा पुरत नव्हती. ‘अजून’ नको, ‘जगायचंय’ नको, तेवढं लिहायची ताकदच उरली नव्हती. एकच शब्द लिहायचा, ‘हवं’. त्यात शिफ्ट लागत नाही. बोट ह वर ठेवलं आणि अंगात जे काही उरलं होतं ते त्या बोटात घातलं. बोट खाली गेलं. वर येईना.

हहहहहहहहहहहहहह. पडद्याची एक ओळ भरली, दुसरी भरली, तिसरी सुरू झाली. सबनीस बघत राहिले. त्यांना ते थांबवता येत नव्हतं.

“आई, इकडे ये,” अश्लेषा म्हणाली. ती हसत होती आणि रडत होती. “बाबा हसतायत बघ.” मथुराबाई आल्या, त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनाही हसू आलं. “मेला चावटपणा काही जात नाही ह्यांचा,” त्या म्हणाल्या आणि त्यांचं बोट बटणावरून अलगद काढलं. अश्लेषाने पडद्याचा फोटो काढून मामाला पाठवला आणि खाली लिहिलं, बाबा शांत आहेत.