ट्रकवरची उघडमिट खोली

नव्वद सालाच्या पुढंमागं मी बोअरच्या मशीनसोबत ट्रक चालवायचो. मशीन तमिळ मुलखातल्या लोकांचं होतं. ती माणसं शेतात बोअर पाडायची आणि मी जालन्याहून पाईप आणून द्यायचो. दिवाळीनंतर बाहेर पडलो की पाऊस लागेपर्यंत घरी जाणं क्वचितच व्हायचं. घर भोकरदनजवळच्या खेड्यात. तिथं बायको एकटीच असायची. आम्हाला मूल नव्हतं, आईवडील केव्हाच गेले होते.

एकदा मधेच घरी गेलो होतो. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, “तुमच्या ट्रकवर मागं किती जागा आस्ती?”

“पाईपापुरती. का?”

“न्हाई, एक मानूस मावंल का म्हनून इचारलं.”

ती हसेल म्हणून मी वाट बघितली. ती हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटवली.

पाईप चढवायला सोपं जावं म्हणून माझ्या ट्रकचे बाजूचे फाळके मी आधीच काढून टाकले होते. मागं नुसता सपाट पाट उरला होता. जालन्यात ट्रकच्या बॉडी बांधणारा एक म्हातारा मिस्त्री माझ्या ओळखीचा होता, त्याला सगळे चाचा म्हणत. त्याला म्हटलं, यावर एक खोली पाहिजे. कामाच्या गावाला पोचलो की उतरवून ठेवता आली पाहिजे, म्हणजे ट्रक पाईप आणायला मोकळा होईल. आणि रस्त्यानं जाताना बसकी पाहिजे, नाहीतर वर झाडाच्या फांद्या लागतील.

चाचा बराच वेळ ट्रकभोवती फिरला. मग म्हणाला, “पाईपात पाईप घालू. छत वर उचललं की खिळा मारायचा. खाली घेतलं की पेटी.”

तसंच केलं. चार कोपऱ्यांना पाईपात सरकणारे पाईप, वर पत्र्याचं छत, आणि भिंतींच्या जागी मंडपवाल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली जाड ताडपत्री. ट्रकच्या दोन्ही अंगांना बाहेर येतील असे खोलीला लोखंडी पाय केले. ते जॅकनं जमिनीवर टेकवले की ट्रक खालून अलगद पुढं निघायचा. खोली हलू नये म्हणून पाटाला कड्या जोडून त्यातून साखळ्या ओढल्या. तरीही पहिल्या फेरीत भोकरदनच्या रस्त्यावर खोली वीतभर सरकली. परत गेलो तेव्हा चाचानं ती थोडी केबिनकडं घेतली, पाटावर चौकटीसारखे लोखंडी अँगल मारले आणि म्हणाला, “आता बिलकुल हलनार न्हाई.”

बायकोनं दोनच गोष्टी मागितल्या होत्या. दाराला आतून लावायची कडी आणि रस्त्याकडं खिडकी. चाचानं मागं पत्र्याचं दार बसवून दोन्ही करून दिल्या.

पहिला मुक्काम कुंभार पिंपळगावच्या शिवारात पडला. मी छत वर केलं, तिनं पडदे बांधले, खोलीसमोरची जमीन झाडून घेतली. आसपासच्या वस्तीवरच्या बाया बघायला आल्या, पडदा उचलून आत डोकावल्या, “बया, आत खाट बी हाय,” म्हणाल्या आणि पाण्याला निघून गेल्या. मशीनवरची माणसं रोज भात खायची. हिनं त्यांना भाकऱ्या करून दिल्या. त्यांचा आचारी हात जोडून “ताई, ताई” करायचा. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी काम थांबलं की आम्ही दोघं खोलीच्या दारातल्या पायरीवर बसायचो. लग्नानंतर इतके दिवस सलग आम्ही एकत्र राहिलोच नव्हतो.

अशी तीन-चार गावं झाली. मग आष्टीच्या बाजूला काम लागलं. बोअर खोल चालला होता आणि पाईप पुरेनात. खोली एका बांधाला उतरवून मी जालन्याला गेलो, तर पाईप आलेले नव्हते. मला तिकडंच अडकून पडावं लागलं.

परतलो तेव्हा भर दुपार होती. मशीन धडधडत होतं, सगळ्या शेतावर दगडाची पांढरी भुकटी बसली होती. बांधाकडं बघितलं तर खोलीचे सगळे पडदे खाली, एवढ्या उन्हात. हाक मारली. कडी निघाल्याचा आवाज आला. ती आत खाटेवर बसलेली होती, कपाळ घामानं भिजलेलं.

“कोनी काही बोललं का तुला? तरास दिला का?”

“न्हाई वो. लई भली मानसं हायेत. जेवलीस का म्हनून खुनेनं इचारत्यात.”

“मंग पडदे का पाडून बसली?”

तिनं एक पडदा वर बांधला. मग म्हणाली, “घरी मी एकटीच आस्ते. पर जरा चूल पेटली न्हाई की शेजारची जाऊ हाक मारती, आज काय झालं म्हनून. हितं तुमी गेल्यापासून मी एक शबुद बोलले न्हाई. आज डाळ निवडताना माझी मीच कायतरी बोलले, अन् आपलाच आवाज आइकून दचकले.”

“आता मी आलो ना.”

“तुमी परत जाताल. पाईप तर आनावेच लागतेत.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मला घरी सोडा. खोली ऱ्हाऊ द्या. केबिनमधी पाय दुमडून झोपता, आता नीट झोपा.”

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो. केबिनमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती आणि सबंध रस्ताभर बोलत होती, कोणाची म्हैस व्याली असेल, कोणाच्या पोरीचं जमलं असेल. मी नुसता हूं हूं करत होतो. त्यातल्या निम्म्या माणसांचे चेहरे मला आठवत नव्हते.

पुढं दोन-तीन वर्षं मी त्या खोलीत एकटाच राहिलो. दोघांच्या मापानं बांधलेली, ती मला मोठी पडायची. पुष्कळदा छत वर करण्याचाही कंटाळा यायचा. मग पेटीसारखीच ठेवून मी बाहेर चटई टाकायचो. मशीन कर्नाटकात गेलं तेव्हा मी गेलो नाही. ट्रक खोलीसकट विकला आणि गावी आलो.

गावात लोक मला विसरले नव्हते, पण माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. मुलांना बाया सांगायच्या, “हे काकूचे मालक.” घरात मी पाहुण्यासारखा बसायचो. पाण्याचा तांब्या कुठं ठेवतात तेसुद्धा विचारावं लागायचं.

हे तिच्या ध्यानात आलं असावं. एका संध्याकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. “चला,” म्हणाली, “जरा बसून येऊ.”

मी तिच्या मागं गेलो. शेजारच्या जावेच्या ओट्यावर पाच-सहा बाया आणि दोन म्हातारे बसले होते. त्यांनी सरकून जागा केली. ती लगेच बोलण्यात मिसळली. मी कडेला टेकलो आणि कोण कोणाविषयी बोलतंय, ते लक्षात ठेवायचा प्रयत्न करत राहिलो.