पेन्शनवाल्याचा तंबू

आमच्या ह्यांचा एक ठाम समज होता: जगातला कुठलाही फौजी शेवटी आपलाच. सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले, कतारला एका कंपनीत गाड्यांवर सुपरवायझर झाले, पण माजी सैनिकाचं ओळखपत्र कायम शर्टाच्या खिशात. आपल्याकडे भारतात त्याचा उपयोग होता, नाही म्हणत नाही. छावणीच्या गेटवर कार्ड दाखवलं की कॅन्टीनही उघडं आणि राहायला खोलीही. आमच्या सगळ्या सहली त्याच कार्डावर झाल्या.

शेजारच्या देशात लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. अबू हमूरला आमच्या घरावरून जड विमानं जायची, भांड्यांची मांडणी थरथरायची. मुलीच्या शाळेतून पत्र आलं होतं, सगळी कागदपत्रं एका पिशवीत तयार ठेवा म्हणून. मार्चमध्ये तिची दहावीची बोर्डाची परीक्षा. तेवढी इथे नीट पार पडू दे, मग काय व्हायचं ते होवो, एवढंच मी रोज देवाला म्हणायचे.

ह्यांच्या ऑफिसात एक गोरा होता, त्याच्या देशाच्या फौजेतून निवृत्त झालेला. तो एकदा बोलता बोलता म्हणाला, की दुखानच्या बाजूला त्यांचा जो तळ आहे, त्याच्या आत तंबू ठोकायला जागा ठेवलीय आणि पेन्शनवाल्यांनाही आत घेतात. झालं! हे घरी आले तेच तंबू विकत घेऊन. मी म्हटलं, अहो, तो त्यांचा पेन्शनवाला, तुम्ही आपले. त्यावर, तुला फौजेतलं काय कळतं? मनात पाल चुकचुकली. पण हे एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचे नाहीत. म्हटलं, घ्या, लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तेवढ्या राहिल्या होत्या माझ्या. शुक्रवारी सकाळी वीस भाकऱ्या आणि ठेचा बांधून घेतला.

दुखानच्या रस्त्याला वाळूच्या रंगाचे ट्रक लागले. ताडपत्र्या घट्ट बांधलेल्या, एकामागून एक. मुलीने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. तळाकडच्या फाट्यावर वळलो तर पुढे-मागे एकही गाडी नाही. मग रस्त्यात काँक्रीटचे ठोकळे आडवेतिडवे टाकलेले. मी म्हटलं, वळवा गाडी. ह्यांनी आरशात बघून भांग नीट केला.

आता पुढे झालं ते आपल्याकडच्या रीतीमुळे. आमच्या छावण्यांत गेटवरच्या जवानापुढे गाडीत बसून कार्ड नाचवणं म्हणजे माज. गाडी लांब उभी करायची, उतरायचं, चालत जायचं आणि कार्ड हातात द्यायचं. हे तसेच उतरले. ताठ चालत निघाले आणि चालता चालता उजवा हात छातीच्या खिशात घातला.

पहारेकऱ्यांच्या बंदुका वर झाल्या. कोणीतरी मोठ्याने काहीतरी ओरडलं. मुलीने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. ह्यांचा हात अजून खिशातच. क्षणभर मला वाटलं, आता हे कार्ड काढणार, आणि संपलं. पण ह्यांनी हात रिकामाच बाहेर घेतला, हळूहळू, आणि दोन्ही हात वर केले.

दोन तास ठेवलं आम्हाला. ह्यांना वाळूत गुडघ्यांवर बसवलं होतं. बर्फातल्या ड्युटीने ते गुडघे आधीच गेलेले. कार्ड उलटसुलट बघितलं, गाडीचा नंबर, ह्यांचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, सगळं लिहून घेतलं. कोणी वाईट वागलं नाही. एकाने मुलीला पाणीसुद्धा दिलं. पण खरं सांगते, मला भीतीपेक्षा रागच जास्त आला होता, आणि तो ह्यांच्यावरच.

पुढचे आठ दिवस जीव टांगणीला. ह्यांचा व्हिसा त्याच महिन्यात नव्याने करायचा होता. शेवटी कंपनीचे मंदूब घरी आले, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारे गृहस्थ. रत्नागिरीकडचे, वयस्क. म्हणाले, माणूस वाट चुकला एवढंच मी वर सांगून आलोय. पण यंदाच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये फौजेचा प्रश्न आहे.

"वहिनी, 'हो' लिहिलंत तर फाइल वर जाईल, आणि खाली येईपर्यंत तुम्हाला कदाचित देश सोडायला लागेल. 'नाही' लिहा, आजच करून देतो."

आतल्या खोलीत मुलगी भूगोल मोठ्याने पाठ करत होती. इंग्रजी फॉर्म मीच भरायचे. नाव, गाव, जन्मतारीख लिहिली. मग आधीच्या व्यवसायाचा रकाना आला.

"अहो, काय लिहू?"

ह्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"शेती लिही."

ह्यांचे वडील फौजेत, आजोबा फौजेत. नांगराला हात म्हणून लागला नव्हता ह्यांचा कधी. मी लिहिलं. त्याच्या खालीच तो प्रश्न होता, कुठल्याही देशाच्या सैन्यात सेवा केली आहे काय. मी ह्यांच्याकडे बघितलं. तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हणाले, "हे माझं मी लिहितो." आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नाही'.