गंगाची खरी जन्मतारीख

कम्युनिटीतल्या दोस्तांनो, मंठ्याहून आत्ताच परतलो आणि घरी न जाता सायबर कॅफेत बसून हे लिहितोय.

आमच्या गावची गंगा मुलींच्या भारतीय फुटबॉल संघात निवडली गेली आहे. शेजारच्या देशांच्या पोरींशी ती खेळणार आहे! पण शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जून. आमच्याकडे निम्मं गाव एक जूनलाच जन्मतं. त्या तारखेने ती स्पर्धेच्या वयात बसत नव्हती. ग्रामपंचायतीच्या नोंदीने बसत होती. दाखला दुरुस्त करायला आजचाच दिवस उरला होता.

ती तारीख लिहिणारे आमचे निवृत्त गुरुजी आज स्वतः मंठ्याच्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात आले.

साहेबांनी विचारलं, "खोटी तारीख का लिहिली?"

"पाच वर्षांची पोर रोज वर्गात येऊन बसायची, हाकललं तरी जायची न्हाई. मंग दिलं एक वर्ष वाढवून. चूक माझी हाय, लेकराची न्हाई. लिहून घ्या बराबर."

"गुरुजी, तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"होऊ द्या. पोरगी जाऊ द्या."

साहेबांनी दुरुस्तीवर सही केली. गंगा गुरुजींच्या पायाशी वाकली, तर ते ओरडले, "पाया काय पडून राह्यली? बस निघंल, पळ जल्दी!"

गंगाचा अभिमान आहेच, पण गुरुजींचाही तेवढाच आहे. खुर्चीवरच्या किती माणसांनी आपल्या सहीखालची चूक अशी उघड कबूल केली? एक तरी नाव माहीत असेल तर खाली लिहा.