व्याह्यांची मंजुरी

आमच्या व्याह्यांइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि खरं बोलून स्वतःचं एवढं नुकसान करून घेणाराही दुसरा पाहिला नाही. माणूस चांगला आहे. माझी लेक त्यांच्या घरात वीस वर्षं नांदते आहे. तिला त्यांनी कधी उणा शब्द ऐकवला नाही. पण पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत अर्ज लिहिण्याचा जो नाद लागला, तो निवृत्त झाल्यावरही सुटला नाही. नळाला पाणी कमी आलं की अर्ज, एसटी उशिरा आली की अर्ज. एकदा त्यांना वरठीहून माझ्याकडे कारध्याला दोन दिवस यायचं होतं. फोन करायचा सोडून त्यांनी चिठ्ठी पाठवली. वर 'विषय' लिहिला होता आणि खाली 'आपला विश्वासू'. मी लेकीजवळ निरोप दिला, "या म्हणावं, मंजूर आहे." तर व्याही तिला म्हणाले, "इहीनबाईले लिहून द्या म्हना."

निवृत्त झाल्यावर त्यांनी तलाव लिहायला घेतले. आमच्याकडे गावागणिक तलाव आहेत. प्रत्येकाचं नाव काय, तो कोणी खोदला, पाळीवर, म्हणजे बांधावर, कोणती झाडं, पाणी सोडायचं तुडुम कोणत्या अंगाला, कोणाच्या धानाच्या बांधीला आधी पाणी मिळे, हे सगळं त्यांना हवं असे. खांद्याला पिशवी लावून एसटीनं जायचे आणि पाळीवरून चालत पावलं मोजायचे. मधे कोणी बोललं की मोजणी चुके, मग पुन्हा पहिल्यापासून. लाखांदूरकडच्या एका तलावावर एका बाईनं त्यांना तीनदा विचारलं, "कोनाचे पाहुने जी?" ते तीनदा परत फिरले. चौथ्या वेळी तिनंच त्यांना घरी नेऊन जेवू घातलं, कारण उन्हानं माणसाचं डोकं फिरलं असं तिला वाटलं. हे सगळं घरी येऊन ते एका बोटानं वेबसाइटवर लिहीत. वेबसाइट माझ्या जावयानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, करून दिली होती. जावई म्हणाला, "बाबा, जिल्हा फुटून किती वर्षं झाले. गोंदियाकडचे तलाव कायले लिहून राहिले?" तर म्हणाले, "तलावाले इचारलं होतं का कोनी, कोन्या जिल्ह्यात राहतं म्हणून?"

जावई कारखान्यात पाळीनं काम करणारा, त्याला हा रिकामा उद्योग वाटे. एकदा मी तिथं असताना जेवताना तो बोलून गेला, "कोनी पाहत असतं तर जाहिराती नसत्या लागल्या? जाहिरातवाल्यायनं मंजूर केलं तर मी मानीन का हे काम आहे. नाही तर पुढच्या वर्षी बंद करून टाकू." व्याही ताटात हात धुऊन उठले. मला ते बरं वाटलं नाही, पण बापलेकांच्या मधे मी कशाला पडू?

तेव्हापासून मंजुरी हा एकच ध्यास. जाहिराती लावणारी एक कंपनी असते. तिला अर्ज करायचा, ती वेबसाइट पाहते आणि पसंत पडली तर तिथं जाहिराती लावते. आता अर्ज म्हटल्यावर व्याह्यांना कोण अडवणार? आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते अर्ज पाठवीत. नामंजुरी आली की तिची प्रत काढून फायलीत लावीत. एकदा उत्तर आलं, मजकूर पुरेसा नाही. यांनी आणखी अकरा तलाव चालून काढले. एकदा आलं, या भाषेतल्या वेबसाइट आम्ही घेत नाही. त्यावर त्यांनी लिहिलं, 'तलाव ज्या भाषेतले आहेत त्याच भाषेत लिहिले आहेत.' आणि कंपनीनं मराठी मंजूर करेपर्यंत काही महिने ते थांबले. मग आलं, गोपनीयतेचं पान नाही. यांनी पान लिहिलं: 'येथे काहीही गुप्त नाही. शंका असल्यास घरी यावे. दुपारी दोन ते चार मी झोपतो.' ते पान जावयानं हसत हसत पुसलं आणि नीट लिहून दिलं. मला वाटतं, तो तिथंच थोडा विरघळला होता.

शेवटी मंजुरी आली. व्याह्यांनी त्याच रविवारी घरी जेवण ठेवलं. वडाभात केला, गल्लीतली माणसं बोलावली. जावई नेमका ड्यूटीवर होता. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना फोनवर दाखवलं, तलावाच्या फोटोखाली एक पंख्याची जाहिरात लागली होती. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "हे दाबलं का तुमचा फायदा होते म्हनतेत." झालं! आमच्याकडे कार्याच्या घरी जेवून कोणी आहेर केल्याशिवाय उठत नाही. जो तो फोन काढून दाबू लागला. गुरुजी दाराशी वही घेऊन बसले, लग्नात बसतात तसे, आणि कोणी किती वेळा दाबलं ते लिहू लागले. मीही दाबलं. व्याहीच म्हणाले, "इहीनबाई, राहू द्या, तुमचा आहेर कशाले?" मी म्हटलं, "मी का फुकट जेवली?" आणि सात वेळा दाबलं.

जावई घरी आला, वही पाहिली आणि ओरडला. "अहो बाबा, आपल्याच मानसायनं दाबाचं नसते! ते चोरी धरतेत." चौथ्या दिवशी खातं बंद झालं. खुलासा करायची एक संधी होती. मी स्पष्ट सांगितलं, "इवाईजी, कोनं दाबलं आपल्याले माहीत नाही, असं लिहून टाका." ते म्हणाले, "माहीत तर आहे." त्यांनी खुलासा लिहिला आणि सोबत गुरुजींच्या वहीचा फोटो जोडला, सगळ्यांच्या नावांसकट. शेवटी लिहिलं, 'ही माझी माणसे आहेत. त्यांनी मायेने दाबले.' कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं. खातं कायमचं बंद.

वेबसाइट मात्र बंद झाली नाही. वर्ष सरलं तेव्हा लेकीनं भीत भीत विचारलं, आता बंद करायची का, तर जावई म्हणाला, "मंजूर तर केलंच होतं ना त्यायनं. मी बोललो होतो, मानीन म्हणून." बापासमोर बोलला नाही, पण बोलला.

नुकसान निराळंच झालं. त्या दिवसापासून गल्लीतलं कोणी ती वेबसाइट उघडत नाही. आपल्या हातून आणखी काही बिघडेल, याची सगळ्यांना धास्ती. गुरुजी तर फोनच लांब ठेवतात. व्याही अजून तलावावर जातात, पावलं मोजतात, लिहितात. सकाळी किती जणांनी पाहिलं तो आकडा बघतात आणि चहा पितात. मी त्यांना सांगितलेलं नाही, पण दुपारी नातवंडांचे फोटो पाहून झाले की मी ते तलाव उघडते. हळूहळू वाचते, चौथी शिकलेल्या माणसाला वेळ लागतो. जिथं जाहिरात होती ती जागा आता कोरी आहे. तिथं आलं की मी बोट उचलून धरते.