दाजींची खालची खोली

जमिनीखालच्या पाण्याला समोर बसवून जाब विचारणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच निघाला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणतो. दाजींनी उभं आयुष्य जळगावच्या एका ठिबक सिंचनाच्या कारखान्यात काढलं. काम काय, तर गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पटवायचं की पाणी ओतू नका, थेंबाथेंबाने द्या. पहूरपासून शिरपूरपर्यंत केळीचं असं शेत नसेल, जिथे दाजींनी गुडघे टेकून नळीच्या भोकाला कान लावला नाही. निवृत्त होऊन ते धुळ्याला, देवपुरातल्या स्वतःच्या घरी राहायला आले तेव्हा कारखान्याची एकच आठवण बरोबर होती, खिशातली पोलादी पट्टी. चहाचा कप पुढे आला तरी त्यांचा हात आधी त्या पट्टीकडे जातो असं अक्का सांगते, आणि माझी बहीण खोटं बोलत नाही.

पाण्याच्या बाबतीत दाजींइतका चिकट माणूस मी पाहिलेला नाही. एकदा भर मे महिन्यात मी जळगावहून त्यांच्या दारात घामाने निथळत उभा राहिलो आणि प्यायला पाणी मागितलं. दाजींनी शांतपणे विचारलं, "किती पिणार?" मी म्हटलं, तांब्याभर. त्यांनी अर्धा तांब्या आणला. "हा संपवा. लागलं तर पुन्हा देतो. उष्टं पाणी फेकायची सवय वाईट, शालकबुवा." मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जलसंधारण हा धडा दर वर्षी पाठ असल्यासारखा म्हणून दाखवला, पण तो धडा असा दारात उभा राहून कधी भेटला नव्हता.

याच चिकटपणातून त्यांनी गल्लीचं कल्याण केलं. त्यांच्या गल्लीत नळ आठवड्याने यायचा आणि सगळ्यांच्या मिळून एका बोअरवेलला उन्हाळ्यात नुसती हवा यायची. दाजी चौदा घरांच्या पायऱ्या चढले, प्रत्येकाच्या गच्चीचं पाणी एका पाइपात आणलं आणि जमिनीत मुरवायला मोठा शोषखड्डा खणला. खड्ड्याला जागा द्यायला कोणी तयार होईना, म्हणून त्यांनी स्वतःच्याच घरामागे, भिंतीला लागून दिली. पुढच्या उन्हाळ्यात बोअरवेल आटली नाही. गल्लीने शाल आणि नारळ देऊन दाजींचा सत्कार केला. नारळाची चटणी झाली. शाल मात्र दाजींनी त्या उकाड्यातही दोन दिवस खांद्यावरून उतरवली नाही.

आता त्या घराची गंमत अशी, की जागा पांझरा नदीकडे उतरती आहे, त्यामुळे मागची खोली बाकी घरापेक्षा दोन पायऱ्या खाली. ही खोली अक्काची. तिथे सहा शिलाई मशिनी आहेत आणि देवपुरातल्या निम्म्या मुली तिथेच ब्लाउजचा गळा कापायला शिकल्या आहेत. सत्कारानंतरच्या श्रावणात त्या खोलीच्या फरश्यांच्या सांध्यांतून पाणी वर आलं. आधी ओल, मग चकाकी, मग सरळ पायाचे ठसे उमटावेत इतकं. मशिनींचे पाय गंजले, कापडांना कुबट वास सुटला आणि अक्काचा जुना दमा जागा झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक तर घर कोरडं करा नाही तर बाईंना इथून हलवा. मी ताबडतोब जाहीर केलं की अक्काला जळगावला आमच्याकडे नेणार. दसऱ्यापर्यंत खोली सुकली नाही तर दसऱ्यानंतर ती माझ्याकडे, असं ठरलं. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मग त्यांनी युद्ध पुकारलं. खोली कोरडी आहे की नाही हे ठरवायला त्यांनी स्वतःचं यंत्र शोधलं. रात्री जेवणं झाली की ज्वारीचा एक वाळलेला बिबडा, म्हणजे आमच्याकडचा पापड, फरशीवर ठेवायचा. सकाळी तो उचलून कानाशी धरायचा आणि मोडायचा. कडकन वाजला तर फरशी कोरडी, आणि चामड्यासारखा वाकला तर ओली. त्या श्रावणात अक्काचे डबाभर बिबडे वाकून वाया गेले. गवंडी बोलावला, सिमेंटचा थर झाला. त्यावर कसलंसं महागडं रसायन झालं. पाणी दर वेळी चार दिवस दम खायचं आणि वीतभर पलीकडून वर यायचं.

त्यानंतर दाजी संशयावर गेले. पहिला संशय शेजारच्या नानांवर. नाना म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, चार बोलले तर खूप. दाजींनी त्यांना तोंडावर विचारलं की तुमची टाकी गळते का. नाना म्हणाले, "भाऊ, मन्ही टाकीमाईन एक थेंब बी जास नई." दाजींचा तोंडी जबाबावर विश्वास नाही. त्यांनी कपड्यांना घालायच्या निळीची बाटली आणली आणि नानांच्या समोर ती त्यांच्या टाकीत ओतली. निळं पाणी खोलीत आलं तर चोर सापडला, हे त्यामागचं शास्त्र. खोलीत काही आलं नाही. नानांचे पांढरे लेंगे मात्र आठवडाभर आकाशी होते आणि नाना ते घालून रोज संध्याकाळी मुद्दाम दाजींच्या दारावरून जायचे. मग महापालिकेच्या पाइपलाइनवर संशय झाला, मग गटारावर, आणि शेवटी खुद्द पांझरेवर. प्रत्येक ठिकाणी दाजी पट्टी आणि नीळ घेऊन जाऊन आले.

एका सकाळी मी तिथेच मुक्कामाला होतो. दाजी बिबडा मोडायला खोलीत उतरले आणि पायरीवरच थांबले. भिंतीलगतचा सगळा कोपरा निळा झाला होता. "सापडला," ते म्हणाले. "कुठली नीळ ही? नदीची की गटाराची?" अक्का मागे चहा घेऊन उभी होती. एरवी ती शुद्ध मराठी बोलते, पण नवऱ्याला खरं सांगायचं असलं की माहेरची अहिराणी काढते. "बाटली मीच वतेल शे," ती म्हणाली. "तुमना खड्डामा. बठ्ठं पानी तुमनंच शे."

दाजींचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. गल्लीतल्या चौदा गच्च्यांचं पाणी त्यांनी मोठ्या प्रेमाने आपल्या बायकोच्या खोलीखाली आणून सोडलं होतं. मी भूगोलाचा शिक्षक, तीनदा त्या खड्ड्याशी उभा राहून कौतुक करून आलो होतो, आणि माझ्याही डोक्यात हे आलं नाही. त्यामुळे हसायची सोय नव्हती. खड्डा बुजवा, एवढाच उपाय मला दिसला आणि मी तो सांगितला. दाजींनी पट्टी काढली आणि निळा कोपरा मोजायला घेतला. बोलली ती अक्काच. खड्डा बुजवला तर एप्रिलमध्ये गल्लीतल्या बायका पुन्हा हंडे घेऊन फिरतील, मग मला कोरड्या खोलीत बसवणार नाही, असं तिने सांगितलं आणि चहा ठेवून ती निघून गेली.

मी जळगावला परतलो. तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. "शालकबुवा, चार इंची पाइप पाठवा. आयुष्यभर नळीला भोकं पाडून पाणी बाहेर सोडलं. आता भोकं तीच, पाणी आत घ्यायचं." मी तयार भोकांचा पाइप मिळतो का विचारत होतो, तर म्हणाले, "भोकं मी पाडणार. त्यातला माणूस मी आहे." पाइप टेम्पोने गेला, मागोमाग मीही गेलो. त्यांनी खोलीची फरशी कडेने फोडली, चर खणला, खडी भरली आणि मधे तो पाइप उतारावर निजवला. भोकांत माती जाऊ नये म्हणून पाइपाला जाळीच्या कापडाची खोळ हवी होती. ती अक्काने गंजक्या मशिनीवर बसून शिवली, मापं घेऊन, पायजम्याचा पाय शिवावा तशी. लहानशा भांडणाशिवाय ती दोघं इतका वेळ एका कामाला बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. चरातलं पाणी अंगणात खोल पुरलेल्या टाकीत गेलं आणि तिथून मोटरने फाटकाजवळच्या नळाला. धुण्याभांड्याला लागेल ते ज्याने त्याने न्यावं, अशी पाटी दाजींनी लावली. खाली पट्टीने आखून रेघ मारली.

भाद्रपदात तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी निम्मी गल्ली खालच्या खोलीच्या पायऱ्यांवर जमली होती. दाजींनी फरशीवरचा बिबडा उचलला, कानाशी धरला आणि मोडला. तो आवाज बाहेरच्या दारापर्यंत ऐकू गेला. मग त्यांनी प्रत्येकाला खाली उतरवून तळहात फरशीवर टेकायला लावला. नानांनी दोन्ही हात टेकले आणि नुसतं "कोरडी शे" म्हणाले. मुली क्लासला येऊ लागल्या, मशिनींना तेलपाणी झालं, आणि अक्काचा श्वास महिन्याभरात मोकळा झाला. दाजींनी शाल पुन्हा बाहेर काढली. या वेळी कोणी दिली नव्हती, त्यांनी स्वतःच घेतली.

दसऱ्याला सोनं द्यायला मी धुळ्याला गेलो. निघताना अक्का फाटकापर्यंत आली. "तू खोली रंगवली होतीस म्हणे माझ्यासाठी," ती म्हणाली. हे माझ्या बायकोने फोनवर सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, रंगवायचीच होती. "कोणता रंग दिलास?" मी म्हटलं, फिका पिवळा, तुला आवडतो तो. तिने नळाखालची भरलेली बादली बाजूला सरकवली. "येईन रे, भाऊबीजेला येईन. दोन दिवस राहीन," ती म्हणाली. लहानपणी एका ताटात जेवलो आम्ही, आणि तिचं लग्न झाल्यापासून चार रात्रींच्या वर ती माझ्या घरी राहिलेली नाही. दाजी जिंकले, अक्का बरी झाली, याचा मला खरोखर आनंद होता. तरी परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत खिडकीशी बसून माझ्या मनात एकच येत होतं, की खोलीतलं ते पाणी आणखी एक पावसाळा टिकायला हवं होतं.