दांडी नसलेलं भांडं

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा पेंटरबाईंचा धंदा. वडिलांकडून हाताला आलेला. पुढे छापील बोर्ड आले, पाट्या बंद पडल्या आणि बाईंचे ब्रश डब्यात वाळून गेले. त्याच सुमारास आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. "आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नाही. औषध कसं घ्यायचं, ते चित्रात सांगाल?"

बाई सहा वर्षं सांगत राहिल्या. कुठली गोळी सकाळी, कुठली जेवल्यावर, लस कधी टोचायची, सगळ्याची चित्रं. घरी सासूबाई म्हणायच्या, "आमची सून अर्धी डॉक्टरीण झालीय. सुई टोचायची तेवढी बाकी आहे."

सहाव्या वर्षी खालच्या वस्तीत पाण्याचा पाइप फुटला आणि पोरं जुलाबाने गळून गेली. केंद्रातून मीठ-साखरेच्या पावडरीची पाकिटं वाटायची ठरली. एक पाकीट, एक लिटर पाणी, एवढाच निरोप. बाईंनी घाईघाईत एका सकाळी चित्र केलं: पाकीट, बाण आणि लिटरच्या मापाचं भरलेलं भांडं. पत्रकं छापून आली आणि पाकिटांबरोबर बेचाळीस घरांत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई केंद्राच्या भिंतीवर तेच चित्र चिकटवत होत्या. एक आई वर्षाच्या मुलीला उचलून धावत आत आली. मुलीचे डोळे अर्धवट मिटलेले, हात झटके देत होते.

"पावडर दिलीत? किती पाण्यात कालवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"चित्रात आहे तेवढ्याच. एक ग्लास."

"ग्लास? ग्लास कुठे आहे चित्रात?"

आईने भिंतीकडे बोट केलं.

बाईंनी वळून पाहिलं. भांड्याला आधी दांडी होती. ती कागदाच्या कडेला भिडत होती, डोळ्याला खुपत होती, म्हणून त्यांनीच ती काढून टाकली होती. दांडी गेल्यावर उरला तो एक सुरेख, चमकदार ग्लास.

"डॉक्टर, ती बरोबर बोलतेय," बाई कशाबशा म्हणाल्या. "तो ग्लासच दिसतोय."

डॉक्टरांनी मुलीला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मग म्हणाले, "चौपट मीठ गेलंय तिच्या पोटात. आणि एकेचाळीस कागद अजून बाहेर आहेत."

केंद्रातल्या सिस्टरने वाटपाची वही काखोटीला मारली आणि ती नि बाई दोघी निघाल्या. बाईंनी वाटेत विचारलं, "पाकीट देताना तोंडी सांगितलं होतं ना?"

"पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. नुसतं हातात ठेवलं, ताई."

पहिलं दार, दुसरं दार. कुणी लिटरची बाटली दाखवली की सिस्टर वहीत खूण करी. कुणी ग्लास दाखवला की बाई तो मोरीत ओतत. अकराव्या घरची आई भडकली. "तुम्हीच चित्र काढून द्यायचं आणि तुम्हीच चूक म्हणायचं?"

"हो. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "पोरगं दाखवा आधी."

तिचं पोरगं अंगणात खेळत होतं. सिस्टर तोवर पुढच्या जिन्यावर पोचली होती; बाई तिच्यामागे धावल्या.

शेवटून दुसरं दार आतून बंद होतं. कितीही ठोकलं तरी उघडेना. शेजारीण म्हणाली, "आई कामावर गेलीय. म्हातारीला कमी ऐकू येतं, खिडकीतून हाका मारा." बाईंनी खिडकीची फळी दणादणा वाजवली. शेवटी आजीने कडी काढली.

"नात कुठेय, आजी?"

"हळू बोला! सकाळपासून पाणी पाणी करत होती. ग्लासभर पाजलं, तशी गप झोपलीय. रडतसुद्धा नाही बघा."

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने पोरीच्या तळपायाला चिमटा काढला. पोरगी हलली नाही. बाईंनी तिला खांद्यावर टाकलं आणि तीन मजले उतरून केंद्रापर्यंत त्या पळत गेल्या. कानाशी श्वास लागतोय का, एवढंच त्या ऐकत होत्या.

दोन्ही मुली वाचल्या. आजीची नात पाच दिवसांनी घरी आली. पहिल्या मुलीच्या उजव्या हाताचा कंप जायला मात्र सहा महिने लागले. डॉक्टरांनी वर पाठवायच्या अहवालात जबाबदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, कारण छपाईला सही त्यांची होती. बाईंनी हट्टाने त्याखाली आपलंही लिहायला लावलं आणि म्हणाल्या, "आता दुसरं कुणी बघा."

"दुसरं कुणीही हीच चूक करेल," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला निदान ती कळलीय."

आठवडाभर बाईंनी पेन्सिल धरली नाही. मग त्यांनी घराघरांत असते ती लिटरची पाण्याची बाटली चित्रात काढली आणि कागद घेऊन वस्तीतल्या नळावर जाऊन बसल्या. येईल त्याला एकच प्रश्न: "यात काय दिसतं?" आणि पुढे तोंड बंद. एकीला त्यात तेल दिसलं, एका आजोबांना रॉकेल. चित्र तीनदा बदललं.

चौथं घेऊन त्या पहिल्या मुलीच्या आईकडे गेल्या. तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. कागद घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. 

"पाण्याची मोठी बाटली," ती म्हणाली. "भरलेली." मग पाकिटावर बोट ठेवून तिने विचारलं, "पण हे सगळं ओतायचं, की अर्धं?"

बाईंना हे सुचलंच नव्हतं. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि पुन्हा काढायला त्यांनी कागद पालथा केला.

"सांगा," त्या म्हणाल्या, "सगळं ओतलंय हे तुम्हाला कशावरून कळेल?"

ती उंबरा ओलांडून बाईंच्या शेजारी येऊन बसली.